वसाहतकाळातल्या अमेरिकन घरात कोण काय काम करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी न्यू जर्सीत पाचवीत शिकते, शाळेत ‘कलोनियल डे’ आहे आणि तिला त्या काळातलं एक कुटुंब उभं करून दाखवायचंय. तिच्या आईने विचारलंय की तेव्हा लोक खरंच सगळं घरीच बनवायचे का, बायका-मुलं नेमकं काय काम करायची आणि त्यांचा दिवस कसा जायचा.

मी मॅसॅच्युसेट्समधल्या एका संग्रहालयात काम करते. तिथे त्या काळाचं घर चालतं ठेवलंय. चूल पेटते, गायी दुभतात, चरखा फिरतो आणि येणाऱ्यांचे प्रश्नही साधारण हेच असतात. उत्तर लांबणार आहे, कारण ‘सगळं घरीच बनायचं’ ही समजूत लोकांच्या डोक्यात फार घट्ट बसली आहे.

आधी काळाचा अंदाज घ्या. इंग्रजांची व्हर्जिनियातली वसाहत जेम्सटाउन वसली १६०७ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधली प्लिमथ १६२० मध्ये आणि स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं १७७५ मध्ये. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीपासून पानिपतानंतरपर्यंतचा हा पट्टा. प्लिमथला आलेल्या ‘मेफ्लॉवर’ जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी जवळपास निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. दीडशे वर्षांनी बोस्टनच्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात चिनी मातीच्या कपातून चहा दिला जात होता. दोन्ही कुटुंबं ‘कलोनियल’च. तेव्हा मुलीला सांगा, आधी एक जागा आणि एक साल ठरव. मी पुढे मुख्यतः १७५० च्या आसपासच्या न्यू इंग्लंडमधल्या (म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट वगैरे ईशान्येकडच्या भागातल्या) शेतकऱ्याच्या घराबद्दल लिहिते, कारण ती कामं माझ्या हातांना माहीत आहेत. दक्षिणेकडचं चित्र फार वेगळं होतं, त्याकडे नंतर येते.

तर, स्वयंपूर्ण घर. माणूस वारला की न्यायालयासाठी त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची. शेजारपाजारचे दोन-तीन जाणते लोक खोलीखोलीतून फिरत आणि प्रत्येक वस्तूची किंमत लावत: बिडाचा हंडा, पितळी पातेलं, कुऱ्हाड, दोन गायी, पिसांची गादी. अशा हजारो याद्या आज वाचायला मिळतात आणि आमचं निम्मं काम त्यांच्यावरच चालतं. त्या वाचताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती अंथरुणाची किंमत. गादी, पडदे, पांघरुणं धरून बिछाना ही घरातली सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक असे, आणि म्हणून तो बाहेरच्या चांगल्या खोलीत, पाहुण्यांना दिसेल असा मांडलेला असे. दुसरी गोष्ट अशी की कितीतरी घरांत चरखाच नाही. माग तर त्याहून कमी घरांत. काही घरांत नांगर नाही, काहींत बैल नाहीत. मग ही माणसं जगायची कशी?

शेजाऱ्यांच्या जिवावर. जरा बरी परिस्थिती असलेल्या घरात एक खतावणी असायची. रोख नाणं दुर्मीळ होतं, पण हिशेब पौंड-शिलिंग-पेन्समध्येच लिहिला जाई. एकाच्या नावावर बैलजोडी एक दिवस, दुसऱ्याच्या नावावर बुटांना तळ मारून दिल्याचे पैसे, तिसऱ्याकडून आलेला सफरचंदाच्या साइडरचा पिंप. वाचताना आपल्याकडची बलुतेदारी आठवते, पण इथे जात आणि वतन नव्हतं. तोच माणूस उन्हाळ्यात गवत कापी आणि हिवाळ्यात पिंपं बनवी, आणि खातं वर्षानुवर्षं उघडं राही. या वह्यांत एक खोट आहे. बायकोने सूत कातलं, लोणी विकलं, शेजारणीच्या बाळंतपणाला गेली, तरी नोंद बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर होते. बायकांच्या कामाचा मोठा भाग त्यामुळे कागदावर दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून तो नव्हताच असं धरून बरीच पुस्तकं लिहिली गेली.

बाहेरून येणाऱ्या वस्तूंची यादीही मोठी आहे. मीठ, सुया, काच, वेस्ट इंडीजची साखर आणि काकवी, पुढे चहा. १७७५ मध्ये बोस्टनची कोंडी झाली तेव्हा ब्रेनट्रीच्या शेतावरून ॲबिगेल ॲडम्सने नवऱ्याला, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सना, फिलाडेल्फियाला पत्र लिहिलं. त्यात मागणी होती टाचण्यांची. साडेसात शिलिंगांना मिळायच्या त्या टाचण्या वीस शिलिंगांवर गेल्या होत्या. बायकांचे कपडे टाचण्यांनीच अंगावर बसवले जायचे, त्यामुळे ही चैन नव्हती. जी बाई एकटीने शेत, गडीमाणसं आणि चार मुलं सांभाळत होती, ती टाचणीसाठी अडली.

आणि कापड. इथे आपला थेट संबंध येतो. लोकर आणि रेशमाच्या इंग्लिश कारागिरांच्या दबावामुळे १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये छापील भारतीय सुती कापडावर बंदी आली. ते वसाहतींना पाठवायला मात्र मोकळीक होती. म्हणून गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचं छापील सुती कापड लंडनमार्गे बोस्टन-फिलाडेल्फियाच्या दुकानांत आणि तिथून घराघरांतल्या याद्यांत पोचलं. बोस्टनमध्ये जन्मलेला आणि मद्रासचा गव्हर्नर झालेला एलिहू येल याने १७१८ मध्ये कनेक्टिकटच्या एका छोट्या कॉलेजला पुस्तकं, राजाचं चित्र आणि मालाचे नऊ गठ्ठे पाठवले. माल विकून ५६२ पौंड आले आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं. येल विद्यापीठाच्या नावामागे मद्रासच्या नोकरीत जमवलेला पैसा आहे, हे मराठी पालकांना सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आता चूल. सिनेमात दाखवतात तसा भडकलेला जाळ स्वयंपाकाच्या कामाचा नसतो. खरा स्वयंपाक निखाऱ्यांवर होतो. मोठ्या जाळातून निखारे पुढे ओढून घ्यायचे, त्यांचे लहान-लहान ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगावर एक भांडं: कुठे तीन पायांची कढई, कुठे झाकणावरही निखारे ठेवता येतील असं खोलगट भांडं. एका वेळी चार वेगवेगळ्या आचा सांभाळायच्या. धुराड्यात आडवं घातलेलं ओलं लाकूड असे आणि त्याला आकड्यांनी हंडे टांगलेले असत. ते लाकूड जळून कधीतरी तुटे आणि जेवण राखेत जाई. फिरता लोखंडी हात आला तो अठराव्या शतकात, आणि तो आल्यावर बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. विटांची भट्टी आठवड्यातून एकदा तापवायची. आत दोनेक तास लाकूड जाळायचं, निखारे काढून झाडायचं आणि हात आत धरून आकडे मोजायचे. ठरलेल्या आकड्याच्या आत हात ओढून घ्यावा लागला तर भट्टी अजून फार तापलेली आहे. आधी पाव, मग ‘पाय’ (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ), आणि रात्रभरासाठी घेवड्याचं मडकं.

पाव गव्हाचा क्वचितच. तांबेऱ्यामुळे न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर गहू नीट येईना, म्हणून राय (गव्हासारखं एक धान्य) आणि मका मिसळून जड, दमट पाव व्हायचा. मका, घेवडा आणि भोपळा ही तिन्ही पिकं वाम्पानोआग आणि शेजारच्या मूळनिवासी बायकांची; त्यांच्या शेतीतूनच इंग्रज शिकले आणि पुढे त्यांच्याच जमिनी बळकावून बसले. रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घाटा, वाटाण्याचं कालवण, खारवलेलं डुकराचं मांस. मे ते ऑक्टोबर दूध मिळे. लोणी आणि चीज हे पूर्णपणे बायकांचं खातं, चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने लावायचं. नोव्हेंबरात गारठा पडला की जनावरं कापायची, मांस मिठात घालायचं, चरबी वितळवून मेणबत्त्यांसाठी ठेवायची.

सरपणाचा हिशेब ऐकून लोक थक्क होतात. एका घराला वर्षाकाठी तीस-चाळीस कॉर्ड लाकूड लागे असा अंदाज दिला जातो. एक कॉर्ड म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब रास. ते तोडणं, बर्फावरून घसरगाडीने ओढून आणणं आणि फोडणं हे पुरुषांचं हिवाळ्यातलं मुख्य काम. उरलेली राखही वाया जात नसे. तळाला पेंढा घातलेल्या पिंपात राख भरून वरून पाणी सोडायचं, खाली झिरपणाऱ्या तिखट पाण्यात अंडं तरंगलं की ते साबणाला योग्य. मग ते चरबीबरोबर अंगणात उकळायचं. वडी क्वचितच पडे. तपकिरी जेलीसारखा मऊ साबण व्हायचा. वासाबद्दल न बोललेलं बरं.

त्या काळी बाळंतपणाखालोखाल घागऱ्याला आग लागून बायका मरत, हे वाक्य तुम्हाला प्रत्येक पर्यटनस्थळी ऐकायला मिळेल. त्याला आधार नाही. भाजून मृत्यू होत, पण रोगराईपुढे ते फार थोडे, आणि लोकर तर ठिणगी पडली तरी पटकन पेट घेत नाही. तसंच ‘बारा-तेराव्या वर्षी लग्न’. न्यू इंग्लंडमध्ये मुलींची लग्नं सर्वसाधारणपणे विशीनंतरच होत, मुलांची पंचविशीच्या आसपास. आणि प्युरिटन लोक (न्यू इंग्लंडमधले कडवे प्रोटेस्टंट) सतत काळे कपडे घालत हेही खोटं, पक्का काळा रंग महाग होता. नाताळ मात्र ते खरंच साजरा करत नसत. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता.

कापडाकडे परत येते, कारण ‘घरी कापड विणायचे’ असं सहज म्हणतात, त्यातला खटाटोप कोणाच्या लक्षात येत नाही. लिनन जवसाच्या खोडापासून होतं. वसंतात पेरणी, उन्हाळ्यात काढणी. तीही कापून करायची नाही, मुळासकट उपटायचं म्हणजे धागा लांब राहतो. बिया झाडायच्या, खोडं दवात किंवा पाण्यात कुजवायची, वाळवायची, लाकडी सांगाड्यात कुटायची, लाकडी पात्याने झटकायची, लोखंडी दात्यांतून विंचरायची. एवढं झाल्यावर लांब रेशमी धागे आणि आखूड तुटका गुंता वेगळे होतात. मग सूत, मग माग, मग गवतावर पसरून उन्हात पांढरं करणं. बियाणं टाकल्यापासून सदरा अंगावर यायला वर्षाहून जास्त काळ जाई. लोकरीचा मोठा चरखा उभ्याने चालवायचा, मागे-पुढे चालत. जवसाचा लहान, पायाने चालणारा. एका मागाला पुरेल एवढं सूत काढायला कित्येक हात लागत, म्हणून एका घरी सूत, दुसऱ्या घरी माग, अशी वाटणी होई. जोपर्यंत दुकानातलं कापड परवडत होतं, तोपर्यंत अनेक बायका एवढ्या उठाठेवीत पडतच नसत. १७६८-६९ मध्ये ब्रिटिश मालावर बहिष्कार सुरू झाला, तेव्हा बायका चरखे घेऊन पाद्र्यांच्या घरी जमून दिवसभर सूत कातू लागल्या आणि वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या. रोजचं काम असतं तर बातमी कशाला झाली असती?

घरातली बाई साधारण दर दोन वर्षांनी बाळंत होई. न्यू इंग्लंडमध्ये सात-आठ बाळंतपणं ही नेहमीची गोष्ट. प्रसूती घरीच, सुईण आणि पाच-सहा शेजारणींच्या गराड्यात, नवरा बाहेर. मेनमधल्या हॅलोवेलच्या मार्था बॅलार्ड या सुईणीची १७८५ ते १८१२ ची रोजनिशी आहे. काळ स्वातंत्र्यानंतरचा असला तरी जगणं तेच. तिने त्यात आठशेहून जास्त बाळंतपणं नोंदवली आहेत, आणि सुमारे दोनशे जिवंत जन्मांमागे एक आई दगावली. आपण समजतो त्या मानाने हे कमी आहे. रात्री गोठलेली नदी ओलांडून बाळंतपणाला जायचं तर घर कोण सांभाळी? तिच्या मुली आणि कामाला ठेवलेल्या इतरांच्या मुली. त्या लग्न होऊन गेल्या तेव्हा म्हाताऱ्या मार्थाची काय दमछाक झाली, तेही तिने लिहून ठेवलंय. मुलांच्या मृत्यूंचं दुःख वेगळंच. बेंजामिन फ्रँकलिनची बहीण जेन हिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं (हा अपवादच), बारा मुलं झाली आणि तिच्या मागे त्यांतलं एकच राहिलं. जन्म आणि मृत्यूंच्या तारखा तिने स्वतः शिवलेल्या छोट्या वहीत लिहिल्या.

मुलांच्या कामाला वय नव्हतं. चार-पाच वर्षांचं पोर पाखरं हाकी, कांड्या भरी, पाळणा हलवी. सहा-सात वर्षांपर्यंत मुलगेही झगाच घालत, मग विजार मिळे आणि ते बापाच्या हाताखाली जात. मॅसॅच्युसेट्सच्या १६४२ च्या कायद्याने मुलांना वाचायला शिकवणं पालकांवर बंधनकारक केलं, आणि १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाला शिक्षक नेमणं भाग पाडलं. हेतू हा की बायबल वाचता यावं. लिहिणं हे वेगळं कौशल्य, ते नंतर, आणि बहुधा मुलग्यांनाच. त्यामुळे सहीऐवजी फुली मारणारी बाई छापील पुस्तक नीट वाचू शके.

आजच्या पालकांना रुचत नाही ती गोष्ट पुढची: दहा-बारा वर्षांचं मूल दुसऱ्याच्या घरी पाठवून देणं. फ्रँकलिन हा साबण-मेणबत्त्या बनवणाऱ्याच्या सतरा मुलांपैकी. दहाव्या वर्षी शाळा सुटली, वडिलांच्या दुकानात वाती कापू लागला, आणि बाराव्या वर्षी मोठ्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून करार झाला, एकवीस वर्षांचा होईपर्यंतचा. भाऊ मारायचा, म्हणून १७२३ मध्ये पळाला. मुलीही अशाच शेजारच्या घरी कामाला जात. त्यामुळे ‘कुटुंब’ म्हणजे आई-वडील आणि त्यांचीच मुलं असं चित्र काढलं तर ते बहुतेक घरांना लागू पडणार नाही. त्याच छपराखाली दुसऱ्याची मुलगी, उमेदवार पोरगा, विधवा आत्या आणि कित्येक घरांत गुलाम माणूस राहत असे.

दक्षिणेत, व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये, घराचा सगळा गाडा तंबाखूवर चालायचा. सतराव्या शतकात तिथे येणारे बहुतेक इंग्रज करारबद्ध नोकर होते. जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षं राबायचं, मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करायचं नाही, आणि नोकर बाईला मूल झालं तर तिची मुदत वाढायची. हिवताप आणि अतिसाराने माणसं इतकी मरत की सावत्र आई, सावत्र बाप, तिसरं लग्न, अनाथ भावंडं हेच तिथलं नेहमीचं कुटुंब. १६१९ पासून आफ्रिकन माणसं आणली जाऊ लागली आणि शतकाअखेरीस तंबाखूचं शेत मुख्यतः त्यांच्या हातांवर आलं. व्हर्जिनियाचे दोन कायदे मी शाळेच्या गटांना हटकून सांगते. १६४३ मध्ये आफ्रिकन बायकांना शेतमजूर धरून त्यांच्यावर कर बसवला गेला, इंग्रज बायकांना सूट. आणि १६६२ मध्ये ठरलं की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. बाप मालक असला तरी. म्हणजे गुलाम बाईचं प्रत्येक बाळंतपण मालकाच्या मालमत्तेत भर घाली. ती दिवसभर तंबाखूच्या ओळीत वाकून पानांवरच्या अळ्या वेचणार, आणि अंधार पडल्यावर उखळात मका कांडून स्वतःच्या मुलांचं जेवण करणार. मृत्यूनंतरच्या याद्यांत ही माणसं गायी आणि गाद्यांच्या शेजारी, किमतीसकट, बहुधा नुसत्या पहिल्या नावाने येतात.

हे फक्त दक्षिणेचं पाप नव्हे. मॅसॅच्युसेट्सने १६४१ मध्येच गुलामगिरीला कायद्यात जागा दिली होती. १७०३ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त घरांत गुलाम होते. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं. त्याच वर्षी उन्हाळ्यात दुधाचे दात पडत असलेली एक मुलगी बोस्टनच्या धक्क्यावर विकली गेली, एका शिंप्याच्या बायकोच्या दिमतीला. तीच फिलिस व्हीटली. १७७३ मध्ये तिच्या कवितांचं पुस्तक लंडनला छापलं गेलं.

कायद्यापुढे विवाहित गोरी बाईही स्वतंत्र नव्हती. लग्न झालं की तिची रोकड, गुरं, मजुरी नवऱ्याची; तो गेल्यावर जमिनीच्या एक तृतीयांशाचा फक्त हयातभर उपभोग. तरी नवरा समुद्रावर, युद्धावर किंवा बाजाराला गेला की तीच देणीघेणी करी आणि गड्यांना कामं सांगे, यात कोणाला वावगं वाटत नसे.

आता शाळेसाठी. मेणबत्त्या आणि लोणी सगळ्याच मुली करणार आहेत, ते सोडून द्या. तुमच्या मुलीला खतावणी करू द्या: डाव्या पानावर आपण दिलेलं, उजव्या पानावर घेतलेलं, एका बाजूला लोणी, सूत, बैलांचा दिवस, दुसऱ्या बाजूला बुटांची दुरुस्ती, मीठ, टाचण्या. घरात आई-वडिलांबरोबर शेजारची कामकरी मुलगी आणि एक उमेदवार दाखवा. गुलाम व्यक्ती त्या घरात असेल तर तिची नोंद वाचून दाखवावी, पण कोणत्याही मुलाला ती ‘भूमिका’ करायला लावू नका. शिक्षकांनी सुचवलं तरी नम्रपणे नाही म्हणा. पोशाखाला लांब घागरा, एप्रन, डोक्याला पांढरी टोपी आणि गळ्याभोवती छापील सुती रुमाल पुरे. घरात ठशांचं कापड असेलच, तेच वापरा, ते अगदी अस्सल आहे. जागा आणि साल ठरलं की मला कळवा; त्या भागातल्या याद्यांत कोणती भांडी आणि अवजारं येतात ते सांगते.